वायदे बाजार आणि शब्दाचा मान

मराठीत आपण ज्याला ‘वायदे बाजार’ म्हणतो, त्यातील ‘वायदा’ हा शब्द मुळात अरबी ‘वअद’चा वंशज आहे. वअद म्हणजे वचन. ठरलेल्या मुदतीला माल देण्याचे आणि ठरलेल्या मुदतीला दाम देण्याचे वचन, हाच त्या बाजारातील खरा माल. धान्याचे पोते तेथे दिसत नाही, कापसाची गाठ दिसत नाही. दिसतात ती एकमेकांना शब्द देणारी माणसे. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानवंतांना आपले करार पुरे करण्याची आज्ञा आहे. तिचा अर्थ समजावून घेताना अशा बाजाराकडे पाहणे उपयोगाचे ठरते. कारण निव्वळ शब्दावर चालणारा व्यवहार कोणत्या आधारावर उभा राहतो आणि कोठे कोसळतो, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. यासाठी मी अमेरिकेतील शिकागो शहराचा धान्यबाजार निवडला आहे. तो मुसलमानांचा नाही, आपल्या मुलखातलाही नाही. पण वाचकहो, त्याचा धडा आपल्या उंबरठ्याच्या आत येऊन पोहोचतो.

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या शिकागोत 1848 साली ऐंशीहून अधिक व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सरोवराला नद्यांशी जोडणारा कालवा खुला झाला होता, पाठोपाठ आगगाडी आली आणि आसपासच्या प्रदेशातील गहू-मका शहरात लोटू लागला. सुगीला भाव पाताळात, पुढे आकाशात, अशी शेतकऱ्याची आणि गिरणीवाल्याची दोघांचीही कुचंबणा होती. त्यातून पुढच्या महिन्यांचे भाव आजच ठरविण्याची पद्धत निघाली. 1859 मध्ये इलिनॉय राज्याने संस्थेला सनद दिली आणि सभासदांचे तंटे आपसांत मिटविण्याचा अधिकारही दिला. 1865 पासून वायद्याच्या करारांचे नियम पक्के झाले. प्रत ठरलेली, तारीख ठरलेली, मापही ठरलेले. पुढे गव्हाचा एक करार पाच हजार बुशेलांचा, म्हणजे सुमारे 136 टनांचा, असा स्थिर झाला. ठरवायचे उरले ते फक्त दोनच: भाव आणि समोरचा माणूस.

हे दोन्ही जेथे ठरत त्या जागेला ते ‘पिट’ म्हणत. पिट म्हणजे खड्डा, आणि ती जागा होतीही तशीच. आठ कोनांची, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. पायऱ्यांवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेकडो माणसांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून ही रचना. सकाळी साडेनऊला घंटा वाजली की दुपारी सव्वा वाजेपर्यंत तेथे असा गलका चाले की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये. म्हणून हाताच्या खुणांची एक भाषाच तयार झाली. तळहात स्वतःकडे वळलेला असला तर घेणार, समोर वळलेला असला तर देणार. हात अंगापासून लांब धरून बोटांनी भाव सांगायचा, चेहऱ्याजवळ आणून नग सांगायचे. हनुवटीपाशी एकम, कपाळापाशी दशम. एक ते पाचपर्यंत बोटे उभी, सहापासून आडवी. ज्याची खूण दुसऱ्याने मान हलवून स्वीकारली, त्याचा सौदा झाला. दोघांत हस्तांदोलन नाही, सही नाही, साक्षीदार नाही. गर्दीत ओळखू यावे म्हणून भडक रंगांचे कोट आणि छातीवर अक्षरांचा बिल्ला, एवढीच काय ती ओळख.

या क्षणी दिलेला शब्द मोडणे किती सोपे होते ते पाहा. गव्हाचा भाव बुशेलमागे एका सेंटने हलला की एका करारावर पन्नास डॉलरचा फरक पडे. समजा, एकाने दुसऱ्याला दहा करार विकले आणि पाचच मिनिटांत भाव तीन सेंट चढला. विकणाऱ्याचे दीड हजार डॉलर गेले. ‘मी तुला विकलेच नव्हते, तू चुकीचे पाहिलेस’ असे तो म्हणाला असता तर त्या गोंगाटात त्याला खोटे कोण पाडणार होते? पण तो तसे म्हणत नसे. आपला शब्द हाच आपला दस्तऐवज, असे तेथील माणसे मानत, आणि नव्याने आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात हेच शिकविले जाई.

प्रामाणिक गैरसमज मात्र रोज होत. प्रत्येकजण सौदा होताच खिशातील कार्डावर नग, भाव, वेळ आणि समोरच्याच्या बिल्ल्यावरील अक्षरे टिपून ठेवी. दिवसअखेर दोन्ही बाजूंची कार्डे जुळविली जात आणि काही जुळत नसत. एकाने सात लिहिलेले, दुसऱ्याने सतरा. किंवा दोघांनीही आपण विकले असेच लिहिलेले. याला ते ‘आउट-ट्रेड’ म्हणत. दुसऱ्या दिवशी घंटा होण्यापूर्वी कारकून आणि व्यापारी भेटून हे न जुळलेले सौदे मिटवीत. ज्याची चूक कळून येई तो नुकसान सोसे. कोणाची ते कळेना तर बहुधा दोघे निम्मे-निम्मे वाटून घेत. पंचांकडे जाण्याची वाट खुली होती, पण ऊठसूट तिकडे धाव घेणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागत.

ही माणसे संत नव्हती. पिटमध्ये धक्काबुक्की चाले, शिवीगाळ चाले, आणि पैशाखेरीज दुसरे काही बोलणे क्वचितच होई. तरीही शब्द टिकत असे, याचे कारण त्यांच्या नेकीपेक्षा त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत अधिक होते. ज्याला आज फसवायचे, तो उद्या सकाळी त्याच पायरीवर, हातभर अंतरावर उभा असणार. सगळे पाहत आहेत. शब्द फिरविणाऱ्याला कोणी मोठी शिक्षा करण्याची गरजच नसे. दुसऱ्या दिवशी तो ओरडत राही आणि कोणी त्याच्याकडे पाहतच नसे. ज्या बाजारात नजरेला नजर मिळाल्याशिवाय सौदा होत नाही, तेथे नजर फिरणे म्हणजे रोजी जाणे. 1925 मध्ये बोर्डाच्या सौद्यांची हमी घेणारी स्वतंत्र क्लिअरिंग संस्था उभी राहिली आणि बुडव्यांची भीती कमी झाली. पण ती संस्था जुळलेल्या कार्डांनाच हात लावी. कार्ड जुळण्याआधीचे काही तास सारा भार माणसाच्या शब्दावरच असे.

आपल्या फुकहांना अशा रीती परक्या वाटल्या नसत्या. उस्मानी राजवटीत 1876 मध्ये पूर्ण झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायद्याच्या संग्रहात व्यापाऱ्यांमध्ये रूढ असलेली गोष्ट त्यांनी आपसांत घातलेल्या अटीसारखीच बंधनकारक मानली आहे. म्हणजे रीत ही शोभेची वस्तू नाही. ती न बोललेली अट आहे आणि ती मोडणे हा करारभंगच. हाताच्या खुणेचेही तसेच. सौद्यासाठी अरबीत ‘सफका’ असा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ हातावर हात मारणे. अरब व्यापारी टाळी देऊन सौदा पक्का करीत. मात्र प्रेषितांनी (सल्ल.) जाहिली काळातील काही रीती बंदही केल्या. कापडाला नुसता हात लागला की ते घ्यावेच लागे, किंवा एकाने दुसऱ्याच्या अंगावर वस्त्र फेकले की न पाहताच सौदा पक्का होई. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या विक्रीची मनाई आली आहे. हरकत खुणेला नव्हती. समोरच्याला काय घेतो आहोत ते कळू न देता त्याला बांधून टाकण्याला होती.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एक जुनी पद्धत आठवते. धान्याच्या आणि जनावरांच्या बाजारात दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली हात झाकून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तिला ‘हत्ता’ म्हणत. शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने ती बंद करून उघड लिलाव सक्तीचा केला, तो याचसाठी. शिकागोतही बोटांचीच भाषा होती, पण हात उंच वर, सगळ्यांना दिसेल असा. भाव मोठ्याने पुकारलाच पाहिजे आणि कोपऱ्यात आधी ठरवून आणलेला सौदा चालणार नाही, हा त्या बाजाराचा कडक नियम होता. बोटे तीच, कापड बाजूला झाले की व्यवहाराची जातच बदलते.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ते कार्ड. शब्दाला एवढा मान देणारी माणसे सौदा होताच पेन्सिल काढून लिहीत, आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नसे. सूरह अल-बकराची 282वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय उधारीचे व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे त्यात बजावले आहे. आपल्या घरांत याच्या उलट चालते. भावाने भावाला दुकानासाठी पैसे दिले, मेहुण्याच्या नावावर जमीन घेतली, आणि कागद करण्याची गोष्ट कोणी काढली की आई म्हणते, “अरे, आपल्याआपल्यात कसलं लिहायचं?” दहा वर्षांनी एकजण म्हणतो ते कर्ज होते, दुसरा म्हणतो ती भागीदारी होती. दोघेही कदाचित खरेच बोलत असतात. आठवण प्रत्येकाची आपापल्या बाजूला झुकते. मग वडिलांच्या मय्यतीला एकत्र उभे राहिलेले भाऊ वर्षश्राद्धासारख्या परक्या रूढीवर एकमेकांशी वाद घालतील, पण हिशेबाला एकत्र बसणार नाहीत. शिकागोच्या शिवराळ दलालांना जे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत मिटविता येई, ते आपल्याला दोन पिढ्यांत मिटत नाही, याचे कारण आपल्याकडे कार्डच नसते.

आता एक प्रश्न, जो नमाजनंतर तरुण मंडळी नेहमी विचारतात. वायद्याच्या व्यवहारात कोणी पूर्ण सचोटीने वागला, तर तो व्यवहार हलाल होतो का? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. शब्द पाळणे ही एक गोष्ट, आणि शब्द कशाचा दिला ही दुसरी. 1888 च्या सप्टेंबर महिन्यात ‘ओल्ड हच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन हचिन्सनने शिकागोतील गव्हावर अशी पकड बसविली की महिनाअखेरीस भाव दोन डॉलरवर नेऊन ठेवला. ज्यांनी त्याला गहू देण्याचे कबूल केले होते त्यांना सुटकाच नव्हती. शब्द पाळले गेले, आणि त्या पाळण्यानेच कोंडी पुरी झाली. आपल्या शरीअतमध्ये भाव चढावा म्हणून अन्न अडवून धरण्याला ‘इहतिकार’ म्हणतात, आणि सहीह मुस्लिममध्ये असे करणाऱ्याला गुन्हेगार ठरविले आहे.

वायद्याच्या रचनेवरच फुकहांची मुख्य हरकत आहे. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, असे प्रेषितांनी (सल्ल.) हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना सांगितले, आणि घेतलेले धान्य ताब्यात येण्यापूर्वी पुढे विकू नये, अशीही स्पष्ट हदीस आहे. पिटमध्ये सकाळी घेतलेला गहू दुपारपर्यंत पाच हातांतून फिरे आणि एकाच्याही गोदामात जात नसे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 च्या एका निकालात अशा परस्पर फेडीला माल दिल्याइतकेच मानले. आपल्याकडे 1992 मध्ये जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या सातव्या अधिवेशनाने मात्र ज्या करारात मालही पुढे आणि दामही पुढे असतो, तो जायज नाही असा निर्णय दिला. शेतकऱ्याची गरज शरीअतला दिसत नाही असे नव्हे. मदीनेचे लोक खजुराचे सौदे एक-दोन वर्षे आधी करीत, प्रेषितांनी (सल्ल.) ते बंद केले नाहीत, माप, वजन आणि मुदत निश्चित करण्याची अट घातली. हाच ‘सलम’. त्यात पूर्ण किंमत करारावेळीच द्यावी लागते, म्हणून पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती खरोखर पैसा पडतो. भावाच्या चढउतारावर पैजा लावत बसलेल्या तिसऱ्या माणसाला मात्र त्यात जागा उरत नाही.

एवढे म्हटल्यावरही शिकागोच्या त्या रीतीत जे चांगले होते ते चांगलेच राहते. पण तिला एक सीमा होती, आणि ती कोठे होती ते 1989 मध्ये जगाला कळले. पिटमधील काहीजण स्वतःच्या पैशाने व्यवहार करीत, तर काही दलाल बाहेरच्या गिऱ्हाइकांचे हुकूम पुरे करीत. हे गिऱ्हाईक म्हणजे कोठेतरी दूर बसलेला शेतकरी, गिरणीवाला किंवा साधा गुंतवणूकदार. तो पिटमध्ये नसे. अमेरिकेच्या तपासखात्याचे लोक व्यापाऱ्याच्या वेषात शिकागोतील दोन्ही बाजारांत सुमारे दोन वर्षे वावरले. सोयाबीनच्या, सरकारी रोख्यांच्या, जपानी येनच्या आणि स्विस फ्रँकच्या पिटमध्ये. ऑगस्ट 1989 मध्ये 46 जणांवर आरोप ठेवले गेले. पुढे काही दोषी ठरले, काही सुटले. खटल्यांतून जे प्रकार बाहेर आले त्यांतला एक मन लावून समजून घ्यावा. दलालाचा एखादा सौदा चुके, नुकसान अंगावर येई. शेजारी उभा असलेला दोस्त ते नुकसान स्वतःवर घेई. दलाल त्याचे उपकार विसरत नसे; पण फेड स्वतःच्या खिशातून करीत नसे. एखाद्या गिऱ्हाइकाचा हुकूम थोड्या वाईट भावाने पुरा करून तो फरक तो दोस्ताच्या पदरात टाकी.

पाहा, येथे शब्द मोडलेलाच नाही. दोस्ताला दिलेले न बोललेले वचन पुरेपूर पाळले आहे. पायरीवर उभ्या असलेल्या दोघांच्या नजरेत दोघेही इमानदार. फसला तो फक्त तिसरा, ज्याची नजर तेथे नव्हती. जो मान समोरच्या डोळ्यांवर उभा असतो, तो डोळ्यांच्या टप्प्यापलीकडे पोहोचत नाही. अमानतीची कसोटी मात्र नेमकी तेथेच लागते.

सहीह बुखारीत हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांची हकीकत आली आहे. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना एक दीनार देऊन बकरी आणावयास पाठविले. उर्वांनी बाजारात एका दीनारात दोन बकऱ्या मिळविल्या, त्यांतली एक एका दीनाराला विकली आणि एक बकरी व एक दीनार घेऊन परत आले. विचार करा, दीनार ठेवून घेतला असता तर हुकूम पुराच झाला होता. बकरी मागितली होती, बकरी आणली. बाजारात काय घडले हे पाहायला मालक तेथे नव्हते. तरी आपल्या चलाखीने मिळालेला नफा त्यांनी मालकाचाच मानला, आणि प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी अशी दुआ केली. हदीसमध्ये पुढे असे आहे की माती विकत घेतली तरी त्यांना नफा होत असे.

तो पिट आता राहिला नाही. शिकागो व न्यूयॉर्कमधील बहुतेक वायद्यांचे पिट जुलै 2015 मध्ये बंद झाले. तोवर वायद्यांच्या एकूण उलाढालीत त्यांचा वाटा सुमारे एक टक्क्यावर आला होता. मुंबई शेअर बाजारातील आरडाओरडीचा रिंगणही 1995 मध्ये संगणकापुढे शांत झाला, आणि 2003 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एमसीएक्सला पिटची गरज कधी पडलीच नाही. आता समोरचा चेहराच नाही. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच गैरहजर. आपल्या लोकांपैकी कितीतरीजण आज दुसऱ्याच्या पैशाने व्यवहार करतात: बाजार समितीतील अडते, जमिनीचे एजंट, गाडी मिळवून देणारे, आखाती देशांत नोकरीसाठी माणसे पाठविणारे. फिकहच्या भाषेत हे ‘वकील’. हनफी फुकहांच्या मते विक्रीसाठी नेमलेल्या वकिलाने मालकाचा माल स्वतःलाच विकू नये. ठरलेली दलाली उघडपणे घ्यावी. मालकाला न सांगता दुसऱ्या बाजूकडून घेतलेला पैसा, मग त्याला ‘चहापाणी’ म्हणा की ‘बक्षिसी’, त्याचा नाही. असा पैसा पूर्वी घेतला गेला असेल तर तौबा केल्याने तो हलाल होत नाही, तो परत करावा लागतो. मालक मरण पावला असेल तर त्याच्या वारसांना द्यावा. खूप शोधूनही कोणी सापडलेच नाही तर त्या मालकाच्या नावे सदका करावा, आणि त्यात स्वतःसाठी सवाबाची नियत धरू नये. पुढे तो माणूस सापडला आणि त्याने आपला हक्क मागितला, तर ती रक्कम त्याला पुन्हा द्यावी लागते.